आरतीला आलेली हाँगकाँगची मुलगी

इथे आखातात, आमच्या अल् घुब्राच्या फ्लॅटवर दीड दिवसाचा गणपती असतो, आणि गणपतीला याला बोलवा, त्याला नको, असं करायचं नसतं. त्या वर्षी मी सगळं ऑफिस बोलावलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! कंपनी चिनी, कामावर देखरेख ठेवणारे कन्सल्टंट ब्रिटिश, आणि तिकडे हाँगकाँगमध्ये रोज मोर्चे. ब्रिटन काळजी व्यक्त करायचं, चीन म्हणायचं, आमच्या घरात नाक खुपसू नका. आमच्या मीटिंगमध्येही दोन्ही साहेब एकमेकांकडे न बघता, मिनिट्स लिहिणाऱ्या माझ्याकडे बघून बोलायचे.

माझ्या शेजारच्या टेबलावर हाँगकाँगची एक मुलगी बसायची. कामात माझ्यापेक्षा हुशार. मला ते सहन व्हायचं नाही, उगाच साळसूदपणा कशाला करू? तिचा भाऊ मोर्चात पकडला गेला होता, घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. ही नोकरी गेली तर आम्ही संपलो, असं तिनेच मला डबा खाताना सांगितलं होतं.

आरतीला ती आली, ब्रिटिश साहेबही आला. दोघं कोपऱ्यात मोदक खात बोलत उभे होते. मी सगळ्यांचे फोटो काढले आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. दर्शनाला आलेल्यांचे फोटो आपण टाकतोच की.

दुसऱ्या दिवशी चिनी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. फोटो पुढे धरून विचारलं, हे दोघं काय बोलत होते? ऐकू आलं नाही, म्हणून सुटता आलं असतं. पण मी ऐकलं होतं. साहेब म्हणत होता, आमच्या सरकारने तुम्हा सगळ्यांना पासपोर्ट द्यायला हवेत, आणि ती नुसती मान हलवत होती. मी ते सांगितलं. वर भावाचंही सांगून टाकलं, कोणी विचारलं नसताना. सांगताना मेलं बरं वाटलं.

आठवड्याभरात कंपनीने तिचा व्हिसा कॅन्सल केला, म्हणजे नोकरीही गेली. खलास. टेबल आवरताना तिने मला विचारलं, "भावाचं मी फक्त तुलाच सांगितलं होतं ना?"

"तू कोणाकोणाला सांगत फिरतेस, मला काय माहीत," मी म्हटलं.

ती हातातल्या फायली तशाच धरून थोडा वेळ आठवत राहिली. मग, तुझ्यावर उगाच संशय घेतला, म्हणून तिने माझी माफी मागितली. मी म्हटलं, असू दे.