वाहून गेलेली मेथी

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले. तिथं एखाद्या कचेरीत मी चिकटलो असतो, पण वडिलांचा पाय मोडला आणि अमरावतीचं कॉलेज अर्धवट सोडून चांदूर बाजारच्या आमच्या भाजीच्या मळ्यात परतावं लागलं. डोक्यात तत्त्वज्ञान ठासून भरलेलं आणि हातात बैलांचे कासरे. बैल उताराला गेले की मोट वर, बैल मागे सरकले की मोट खाली. दिवसभर तेच. याला काय अर्थ, असं घोकत मी एक गोष्ट लिहिली. तिच्यातली बाई रोजच्या त्याच त्या पाणी ओढण्याला विटते आणि विहिरीत उडी घेते. मी स्वतःवर भलताच खूष होतो.

ऐकायला होती एकटी बायको. घरी वडीलधाऱ्यांसमोर आम्हाला दोन शब्द बोलायची चोरी, म्हणून सगळं बोलणं मळ्यातच. मी मोट हाकायचो, ती पाणी वळवायची. एक वाफा भरला की फावड्यानं त्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं उघडायचं. त्या दिवशी मी मोटेगणिक थोडी थोडी गोष्ट सांगत गेलो आणि ती ऐकता ऐकता विहिरीपाशी येऊन उभी राहिली. बाईनं उडी घेतली तोवर तिकडे वाफा फुटला होता. आदल्या दिवशी पेरलेली मेथी सगळी वाहून गेली.

मेथीकडे तिनं पाहिलंही नाही.

"ती बाई म्हंजे मी काय?"

"नाई वं. मनानं रचली."

"मले तं कंटाळा नाई येत. मंग तो तुमालेच आला असन. मळ्याचा, नाई तं माह्या."

कंटाळा माझाच होता. तो कबूल करायची लाज वाटली म्हणून मी एका बाईच्या गळ्यात बांधला होता. मी तिला तसं सांगून टाकलं. तुझा नाही, मळ्याचा, हेही सांगितलं. तरी तिचे डोळे भरलेले ते भरलेलेच.

मग कॉलेजात शिकलेला एक प्रश्नच मी तिला विचारला.

"हाच दिवस, जसाच्या तसा, पुन्हा पुन्हा आला, तं घेशीन?"

"मेथी वाहून जाईन?"

"दरवेळी."

"तुमी असान?"

"असीन."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि फावडं उचललं.

"मंग येऊ द्या," ती म्हणाली. "पन पहिले त्या बाईले विहिरीतून काढा."