माझ्या नावाचा बोकड

पुण्याहून निघताना माझ्याजवळ गोळ्यांचा डबा, पुडीभर फुटाणे आणि एक निश्चय एवढंच सामान होतं. निश्चय मटणाविरुद्धचा होता. दिवाळीच्या आधी छातीत कळ आली, एका रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवावी लागली, आणि माझा रविवार ज्या पातेल्याभोवती फिरायचा ते पातेलं माळ्यावर गेलं. डॉक्टर ‘लाल मांस कमी करा’ इतकंच म्हणाले होते. पण ‘कमी’शी माझं कधीच जमलेलं नाही. कमी करायला बसलो की वाटी लहान होते आणि फेऱ्या वाढतात. म्हणून मी बंदच केलं.

आणि आता मी बुलढाणा जिल्ह्यात कंदुरीला (नवस फेडताना बोकड कापून गावाला घातलेलं जेवण) चाललो होतो. बोकड माझ्याच नावाचा होता.

सलीम माझा कॉलेजातला मित्र. मलकापूरला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मी दवाखान्यात नळ्या लावून पडलो असताना त्याच्या आईनं, म्हणजे अम्मींनी, मोताळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका दर्ग्यात माझ्यासाठी बोकड बोलला. मी बरा झालो. नवस बोलणारं माणूस रोग्याच्या पथ्याची चौकशी करून मग बोलत नाही. त्यामुळे ज्या गोष्टीनं मी आजारी पडलो होतो, तिचंच एक अख्खं जनावर माझ्या बरं होण्याचं मोल ठरलं. फोनवर मी सलीमला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, “तू ये तं बे आधी. मंग पाहू.”

गाडीत समोरच्या बाकावर एक गृहस्थ होते. माझ्या गोळ्या पाहून त्यांनी आपण शाकाहारावर व्याख्यानं देतो असं सांगितलं आणि एक तिथंच दिलं. मांसाहारी माणसाचा स्वभाव तामसी कसा होतो, हे त्यांनी वरच्या बाकावर पडलेल्या आपल्या मुलीला दोनदा खेकसून गप्प करत मला पटवून दिलं. बोलता बोलता त्यांनी तळलेल्या शेवेचा एक पुडा संपवला आणि दुसरा उघडला. मी मटण सोडलं होतं खरं, पण यांच्या पक्षात जाण्याची माझी तयारी नव्हती. चादर डोक्यावरून घेऊन मी झोपलो.

मलकापूरला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. थंडी चांगली होती. महामार्गावर ट्रकांची रांग लागलेली, त्यांत कापसाच्या गाड्याही होत्या. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. सलीम मफलर गुंडाळून उभा होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“काऊन बे, अर्धाच आला? बाकीचा कुठी ठेवला?”

“पथ्यात गेला.”

“अम्मीसमोर पथ्याचं नाव नको काढू आज. रातभर झोपली नाही ते.”

घरी अम्मी ओसरीवर बसून लसूण सोलत होत्या. कॉलेजात असताना सुट्टीत मी इथं यायचो तेव्हापासून त्या मला वसंता म्हणतात. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला; हाताला लसणाचा वास होता. पोहे आले, चहा आला. मग मी जे टाळत होतो ते बोललो. म्हटलं, “अम्मी, मी कंदुरीला आलोय, पण मटण खाणार नाही. डॉक्टरांनी मना केलंय.”

“एक घास,” अम्मी म्हणाल्या.

“एकही नाही.”

“बेटा, ज्याच्या नावाचा बकरा, त्यानं पैला घास घ्या लागते. नाही तं नवस अर्धा राह्यते.” त्या थांबल्या. “सलीमच्या अब्बाच्या टायमालेही बकरा कापला व्हता. ते आलेच नाही. दुकान सोडून कायले येऊ, म्हणे. सालभरात गेले.”

नवस-सायासावर माझा विश्वास नाही, आणि तो नाही हे मी आयुष्यभर चारचौघांत बऱ्याच तोऱ्यात सांगत आलो. पण समोरची बाई श्रद्धेचा तोरा मिरवत नव्हती, ती घाबरलेली होती. माझा जीव वाचावा असं तिलाही वाटत होतं आणि मलाही. फक्त तिच्या हिशेबी तो त्या घासानं वाचणार होता आणि माझ्या हिशेबी त्याच घासानं जाणार होता.

दर्ग्याकडे जाताना वाटेत मोताळ्याला आठवडी बाजार होता. सलीमनं गाडी थांबवली आणि कंदुरीसाठी राहिलेली वांगी घेतली. एवढी वांगी कशाला, असं मी विचारलं.

“माळकऱ्याइले नको का?” सलीम म्हणाला. “त्याइची पंगत येगळी असते, चूल येगळी. आपल्या कंदुरीत अर्धं गाव येते बे. माळवाले काय उपाशी पाठवू?”

वांगी विकणारी बाई मध्येच म्हणाली, “त्या पंगतीत भाजीच जास्त उठते, भाऊ. मटणाले माणसं पुरते, भाजीले मटणवालेही येते.”

मला एकदम बरं वाटलं. ज्या वाटेवर मी एकटाच चाललोय असं समजत होतो, तिथं आधीच पत्रावळी मांडलेल्या होत्या.

मोताळ्याच्या पुढे कापणीला आलेल्या तुरीच्या शेतांमधून रस्ता डोंगराकडे जातो. दर्गा साधाच आहे. चुन्यानं रंगवलेली एक खोली, हिरवी चादर, दारात कडुलिंब. लिंबाच्या एका अंगाला मोठाल्या डेगा चढलेल्या होत्या. दुसऱ्या अंगाला गोवऱ्यांचा विस्तव पसरून त्यात रोडगे (कणकेचे गोळे, निखाऱ्यात भाजलेले) पुरून ठेवले होते. वारा डेगांकडून येत होता. खरं सांगतो, त्या वासानं माझे पाय दोनदा तिकडं वळले. दोन्ही वेळा मी हात धुवायला जातोय असं दाखवलं.

फातिहा पढून झाला आणि नेमक्या त्याच वेळी एक पुढारी तीन गाड्यांसह येऊन पोचले. कडक इस्त्री, गळ्यात तुळशीची माळ, मागे फोटो काढणारा. ते माझ्या नवसाला आले होते, पण त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हतं, त्यांनी सलीमलाच “प्रकृती कशीये?” असं विचारून घेतलं. मग सर्व धर्म कसे एका ताटात जेवतात यावर ते बोलू लागले. धर्म ताटावर येईपर्यंत रस्सा थंड होणार हे दिसत होतं. अम्मी पुढं झाल्या. “भाषण जेवल्यावर करजा, साहेब. लोकं भुकेले हायेत.” फोटो काढणाऱ्यानं हा क्षण टिपला नाही.

मग अम्मी एक वाटी घेऊन माझ्याकडे आल्या. वाटीत एकच तुकडा होता, वर तेलाचा तवंग. पंगतीतले लोक पाहू लागले. सलीम आपल्या चपलांकडे पाहत होता.

“घे बेटा.”

“नाही अम्मी.”

“माह्यासाठी.”

“तुमच्यासाठीच नाही म्हणतोय. तुम्ही बोकड बोललात तो मी जगावं म्हणून. आता तोच खाऊन मी पुन्हा दवाखान्यात गेलो, तर तुम्ही आणखी एक बोलाल. मला तोही खावा लागेल.”

कुणीतरी हसलं. अम्मी हसल्या नाहीत. वाटी त्यांनी तशीच पुढं धरून ठेवली. मला वाटलं, आता हे नातं गेलं. तरीही मी हात पुढं केला नाही. निश्चय हा फार मोठा शब्द आहे. माझ्यापुरता त्याचा अर्थ त्या वेळी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभं राहणं एवढाच होता.

अम्मींनी माझ्याकडे पाहिलं, मग दर्ग्याच्या दाराकडे. मग तो तुकडा त्यांनी उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

“तुह्या नावाचा घास मी खाल्ला,” त्या म्हणाल्या. मागचे दात नसल्यामुळे त्यांना तो चावायला फार वेळ लागला. सगळे थांबून राहिले. घास उतरल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “आता उभा काऊन? बादली घे. खायाचा नाही तं आपल्या हातानं वाढ. एकही माणूस उपाशी उठला नाही पायजे.”

शाकाहाराकडे वळू पाहणाऱ्या कुणालाही आहारतज्ज्ञानं असा व्यायाम सांगितला नसेल. एका हातात बादली, एका हातात पळी, आणि वाकून वाकून मटण वाढायचं. वाफ थेट नाकात.

“ओ पुण्याचे, रस्सा दाखवू नका, वाढा!”

“नळी द्या हो एक नळी. बकरा तुमचा, हात काऊन आखडता?”

“पाहा बे, नवरदेवच वाढून राह्यला!”

पहिली पंगत मी दातओठ खाऊन वाढली. दुसऱ्या पंगतीत कुणाला चरबीचं लागतं आणि कोण नुसत्या रश्शावर खूश आहे हे चेहऱ्यावरून कळू लागलं. तिसऱ्या पंगतीत माझ्या लक्षात आलं की मला वास येणंच बंद झालंय. पुढारी त्याच पंगतीत होते. बसण्याआधी त्यांनी माळ काढून खिशात ठेवली होती. “थोडंच,” ते डोळे मिटून म्हणाले. मी थोडंच वाढलं, तर डोळे उघडले.

सगळे उठल्यावर मी बादली पालथी घातली आणि लिंबाच्या दुसऱ्या अंगाला गेलो. माळकऱ्यांची शेवटची पंगत बसत होती. श्रीपतबुवा नावाच्या एका म्हाताऱ्यानं माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं.

“माळ कुठी आहे?”

“नाही घातलेली.”

“मंग इकडं कसे?”

“डॉक्टरनं पाठवलं.”

“बसा,” बुवा सरकून म्हणाले. “साहेबाची जागा रिकामीच हाये.”

रोडगा फोडला, त्यावर तुरीचं वरण, शेजारी वांग्याची भाजी. भाजी लालभडक, तेलात पोहत होती. माझ्या डॉक्टरांनी तीही पास केली नसती. नाका-डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात अम्मी तुपाचा तांब्या घेऊन आल्या. तूप मी नाकारलं नाही. एकाच दिवसात एकाच आईला दोनदा नाही म्हणण्याचा दम माझ्यात नव्हता. मी पहिला घास घेतला, तो गिळला, तेव्हा कुठं त्या बायकांच्या पंगतीकडे स्वतः जेवायला गेल्या. नवसाचा तो एक तुकडा सोडला तर सकाळपासून त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं.

पुण्याला पोचलो तो रस्सा उडालेल्या त्याच सदऱ्यात, कारण बॅगेतला दुसरा अम्मींनी बांधून दिलेल्या रोडग्यांच्या राखेनं माखला होता. बायकोनं, शुभानं, दार उघडलं, माझ्या छातीवरचे पिवळे डाग पाहिले, एकदा हुंगलं आणि बाजूला झाली.

“वाढलं,” मी म्हटलं. “खाल्लं नाही.”

“हो का?”

माणूस मटण खाऊन आला आणि नाही म्हणाला, तर त्याच्याकडे पुरावा काय असतो? मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. जितकं सांगत गेलो तितकं ते रचलेलं वाटू लागलं. शेवटी फोन वाजला. अम्मी होत्या, पोचलो का ते विचारायला. शुभानं फोन माझ्या हातातून घेतला, स्पीकरवर टाकला आणि सरळ विचारलं.

“नाही खाल्ला, बेटी,” पलीकडून आवाज आला. “माह्या डोयांनी पाह्यलं. लई जिद्दी हाये. बकरा कबूल झाला, आता पथ्य तू सांभाळ. काही तोंडात टाकलं तं मले फोन कर.”

“करते,” शुभा म्हणाली.

निश्चय माझा एकट्याचा होता तोवर तो केव्हाही मोडता आला असता. रविवारी दुपारी, पाहुणा आल्यावर, कुणाला न सांगता. आता तो दोन जिल्ह्यांतल्या दोन बायकांच्या ताब्यात आहे आणि त्या एकमेकींशी फोनवर बोलतात. मी सदरा भिजत घातला आणि दुधी किसायला बसलो.