दांड्याला बांधलेला बिब्बा

उचललेला बूम जागेवर राहिला पाहिजे. मशीनकडं माणसाचं एवढंच मागणं असतं.

माझं छोटं पोकलेन होतं. मोठं मशीन जिथं वळत नाही तिथं, डाळिंबाच्या दोन ओळींमधून, नाहीतर घराच्या भिंतीला खेटून, मी पाइपलाइनची चारी काढायचो. शाळा चौथीत सुटली, पण दोरी न लावता चारी सरळ काढावी तर मीच, असं पारनेर तालुक्यात लोक म्हणत. फुशारकी वाटली तर वाटू द्या. आता ती सांगण्यापुरतीच उरली आहे.

सुप्याच्या अलीकडं एका बागेत काम चाललं होतं. बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, वर धरून मी बागवाल्याशी बोलत होतो. लिव्हरला हात लावला नव्हता. तरी बकेट हळूहळू, म्हातारं माणूस गुडघे धरत बसतं तशी खाली बसली आणि चारीत मांडलेला पाईप तडकला. पाईप जोडणारा गडी नुकताच तिथून उठून तंबाखू मळायला गेला होता. तो येऊन बघत राहिला. म्हणाला, "तंबाखूनं मानूस मरतो म्हनत्यात. मला तर वाचवलं तिनं." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

पोरगा सुप्याला कारखान्यात आहे. त्याच्या कानावर संध्याकाळच्या आत गेलं. जेवताना म्हणाला, "तात्या, देऊन टाकू ते मशीन. उद्या कुनाचं डोकं फुटलं म्हंजे?"

"जॅक गळतोय नुसता. करतो मी नीट."

"झाला नीट तर ठेवा. न्हाई झाला तर मग अडून बसायचं न्हाई."

"न्हाई बसनार," मी म्हणालो. आमच्यात शब्द एकदा दिला की दिला.

मशीन गेलं तर माझं काय राहणार, ते मला ठाऊक होतं. ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघणारा एक म्हातारा. गावात असे पुष्कळ आहेत. मी त्यांना कायम लांबूनच राम राम घातला.

सकाळी मशीनला भिडलो. जॅक म्हणजे बूम उचलणारा सिलेंडर. त्यातून चकाकता पोलादी दांडा आत-बाहेर होतो, आत पिस्टनचं सील तेल अडवून धरतं. आधी तेल पाहिलं. भरपूर होतं, पण गढूळ. नळ्या न् नट पुसून पाहिले, कोरडे. दांडा जिथून बाहेर येतो त्या तोंडाशी मात्र ओल होती. मग बूम पुरता वर नेऊन ठोकळ्यांवर टेकवला, दांड्याकडची नळी सोडली आणि बुडातून दाब दिला. सील शाबूत असतं तर सोडलेल्या नळीच्या जागेतून काही आलं नसतं. धार लागली.

जॅक उतरवून टेम्पोत घातला आणि सुप्याच्या लेथवाल्याकडं नेला. त्यानं तो खोलून दांडा पुसला. "बाबा, दांड्याला ओरखडे हायेत. नवी सीलं बी कापली जात्याल."

"तू बसव."

"बसवतो. पन परत आला तर चहा तुमचा."

जॅक चढवला, बूम वर केला, इंजिन बंद केलं आणि दांड्यावर खडूची रेघ मारली. जेवून आलो तर रेघ जागेवर. आमच्या घरचीनं लांबूनच माझं तोंड पाहून ओळखलं. त्या रात्री मी पोराशी मुद्दाम पुढच्या कामांच्या गोष्टी केल्या.

राळेगणच्या अंगाला काम घेतलं होतं. ते पुरं व्हायच्या आतच बूम पुन्हा खाली यायला लागला. या वेळी मी कुणी बघायच्या आधी मशीन बाहेर काढलं.

लेथवाल्यानं जॅक खोलून सिलेंडर उजेडाकडं धरला. आतून भिंत चरे चरे झाली होती. "दांड्यावर नख फिरवा," तो म्हणाला. फिरवलं. नख अडकलं, सुटलं, पुन्हा अडकलं. तोंडाशी धूळ पुसणारं एक पातळ सील असतं. मागच्या खेपेला ते बदललं नव्हतं, ते एका जागी फाटलेलं होतं. त्यात त्यानं टोचणी घातली आणि तारेचा बारीक तुकडा बाहेर काढला. त्याला काळं काहीतरी चिकटलेलं होतं.

"तार कशाची ही?"

मला बघताक्षणी कळलं. तरी म्हणालो, "कुंपनाची."

"आन् हे काळं?"

"डांबर असंल."

त्यानं तुकडा पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ह्या फटीतून मुरूम आत गेला, त्यानं सगळं खरवडलं. ह्या मॉडेलचा जॅक आता मिळत न्हाई. चहा सांगा बाबा."

ते काळं बिब्ब्याचं होतं. दर अवसेला आमची ही तारेत लिंबू, मिरच्या न् बिब्बा ओवून मशीनला बांधायची. गाडीला पुढं बांधतात, तर हिनं पुढं म्हणून बूमच धरला. त्यातही चकाकता दांडा. म्हणायची, "दिष्ट चकाकत्याला लागती." लिंबू सुकून गळायचं आणि तार दांड्यावरून घसरत तोंडाशी जाऊन चेपायची. मी रोज समोरच्या सीटवर बसायचो आणि ते बघायचो. त्या तारेनं मला बरंच वाटायचं.

घरी आलो तर ती दारात. "न्हाई झालं?"

"न्हाई."

ती पायरीवर बसली. "माजंच चुकलं वं. मागल्या अवसंला मी नगरला दवाखान्यात पडले हुते. बांधायचं ऱ्हायलं."

मशीन कशानं गेलं म्हणायचं? खरं सांगावं तर तिचा हात लागला म्हणून. गप्प बसावं तर तिचा हात लागला नाही म्हणून. दोन्हीकडून दोष तिच्याच पदरात. मी पाय धुतले आणि घरात गेलो.

दिलेल्या शब्दाप्रमाणं मी अडून बसलो नाही. जॅक तसाच परत चढवून ठेवला होता. भंगारवाला ट्रक घेऊन आला. कुणीतरी वापरायला नेतंय, असं तिला वाटत होतं. तेवढं आम्ही वाटू दिलं. ती घरातून नवी तार घेऊन आली, त्यात पिवळंधमक लिंबू.

"आवं, दुसऱ्याच्या दारी चाललंय. तिथं तरी धड चालू दे. बांधा."

"आई, ते तर आता भं—" पोरगा म्हणाला. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान फिरवली.

मी वर चढलो आणि त्याच जागी, त्याच दांड्याला तार बांधली. पीळ दिला, आणखी एक दिला. बूम जमिनीला टेकलेला होता. त्याला आता खाली यायला जागाच नव्हती.

"घट बांधलं न्हवं?" तिनं खालून विचारलं.

"लई घट," मी म्हणालो.