चुकीच्या रंगाचा उंट

स्वतःचा डाव बरोबरीत सुटल्यावर भिंगरीने समोरच्याशी हात मिळवला, कागदावर सही केली आणि चालायला लागली. सभागृहाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग जिना उतरून खाली, मग परत वर. सभागृह पोहण्याच्या तलावाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यात क्लोरिनचा वास भरलेला असायचा आणि खालून प्रशिक्षकाची शिट्टी ऐकू यायची. आठवडाभरात त्या शिट्टीची तिला सवय झाली होती. आज ती पुन्हा दचकत होती.

भिंगरी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बुद्धिबळवाल्यांनी ठेवलेलं आहे, आणि आता पंचसुद्धा चुकून तेच म्हणतात. चाल केली की ही उठणार, दोन टेबलं सोडून तिसऱ्यावर काय शिजतंय ते बघणार, परत येऊन बसते न बसते तोच पुन्हा उठणार. समोरच्याचं डोकं फिरतं. तेही तिच्या खेळाचाच भाग आहे, असं तिचे मित्र म्हणतात. ती म्हणते, बसलं की मला काही सुचत नाही.

वय अडतीस. राहते दादा-वहिनीकडे, भाचीच्या खोलीत. पलंगाखालची तिची बॅग कधी पूर्ण रिकामी होत नाही. दोन शर्ट, एक उशी आणि प्रवासातला छोटा पट कायम आतच. काय करता, असं कोणी विचारलं की ती बुद्धिबळ खेळते म्हणून सांगते, आणि लोक विचारतात, ते झालंच, पण काम काय करता. खेळणं आणि मुलांना पैसे घेऊन शिकवणं, ह्यावर तिचं चालतं.

वर्षात सहा मोठ्या स्पर्धा होतात. ज्या क्रमांकावर याल त्याप्रमाणे गुण. सहांतल्या चांगल्या गेलेल्या चार धरायच्या आणि बेरीज करायची. त्या बेरजेत पहिले आठ जण अजिंक्यपदाच्या स्पर्धेला जातात. नवव्याचे गुण वर्ष संपलं की पुसले जातात, त्याने पुढच्या वर्षी शून्यापासून सुरुवात करायची. भिंगरी हे अकरा वर्षं करत होती. बारावी आली, दहावी आली, दोनदा नववी आली. आठांत एकदाही नाही.

ह्या वर्षी तिने वहिनीला स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता सांगून टाकलं होतं, की आता बास. एका शाळेत बुद्धिबळ शिकवायची पूर्णवेळ नोकरी होती. मुख्याध्यापिकेने महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवली होती. पूर्णवेळ म्हणजे सहा स्पर्धांना सहा वेळा रजा कोण देणार? आठांत आले तर खेळेन, नाही आले तर शाळा. वहिनी फक्त म्हणाली होती, "दाणे इकडे टाक, सालं खातेयस तू."

आजचा डाव ह्या वर्षातला शेवटचा होता.

जिना उतरून तिने टेबलापाशी जमा केलेला फोन घेतला आणि बाहेरच्या पायरीवरून वहिनीला लावला. वहिनीला घोडा कसा चालतो हे आजतागायत कळलेलं नाही, पण गुणतक्ता तिला तोंडपाठ असतो.

"झालं?"

"माझं झालं. बरोबरी."

"आणि इंजिनिअरचं?"

इंजिनिअर म्हणजे तक्त्यात तिच्या डोक्यावर बसलेला आठवा. नोकरी सोडून त्याला दहा वर्षं झाली, नाव तेवढं चिकटून राहिलं.

"त्याचंही झालं. ह्या स्पर्धेत आमचे दोघांचे गुण सारखे आहेत. आता आमच्यातला जो वर जाईल तो वर्षाच्या तक्त्यात आठवा."

"मग आता ते समोरच्यांच्या गुणांची बेरीज करणार."

"केली. ज्या नऊ जणांशी मी खेळले त्यांची बेरीज आणि त्याच्या नऊ जणांची बेरीज, दोन्ही सारख्या. फक्त माझ्यातली एक अजून खेळतेय. पहिल्या दिवशीची. दातांची डॉक्टर."

"तिला तर तू हरवलंस."

"हो."

"आणि आता तिने जिंकायला पाहिजे."

"बरोबरी केली तरी पुरे. अर्ध्या गुणाने मी वर."

"आणि हरली तर?"

"तर सगळं सारखं. मग आम्हा दोघांत कोण जिंकलं ते बघतात. चौथ्या दिवशी त्याने मला हरवलंय."

"काय खेळ आहे बाई. आधी माणसाला चारी मुंड्या चीत करायचं आणि मग त्याचं भलं व्हावं म्हणून धावा करायचा. बरं, आडनाव सांग तिचं, मी इथून शुभेच्छा देते."

"ठेव आता. वर जाते."

"जिने चढू नकोस सारखे. गुडघे शाळेला लागणार आहेत," वहिनी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळून तिने फोन ठेवला.

सभागृहात आता शेवटची तीन टेबलं उरली होती. डॉक्टरचं टेबल अगदी खालच्या टोकाला, खिडकीजवळ. तिच्यासमोर एक चित्रकलेचे मास्तर बसले होते, बोटांना रंग लागलेले, कपाळावर आठ्या. भिंगरी दोरीच्या अलीकडे उभी राहिली आणि तिने पटाकडे पाहिलं.

डॉक्टरकडे नुसता राजा उरला होता. मास्तरांकडे राजा, एक उंट आणि अगदी कडेच्या पट्टीतलं एक प्यादं. कोणीही बघितलं तर म्हणेल, संपलं. प्यादं पुढे ढकलायचं, त्याचा वजीर करायचा आणि घरी जायचं.

भिंगरीने कोपऱ्याचं घर पाहिलं. काळं. मग उंट पाहिला. पांढऱ्या घरांवरचा.

तिचे पाय थांबले आणि लगेच पुन्हा सुरू झाले. ही बरोबरी होती. प्यादं कडेचं असेल, आणि ते ज्या कोपऱ्यात पोचणार त्या घराच्या रंगाचा उंट नसेल, तर एकटा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला तिथून कोणी उठवू शकत नाही. उंटाला त्या घरावर शहच देता येत नाही. प्यादं फार पुढे सरकलं तर राजाला हलायला जागा उरत नाही, आणि शह नसताना जागा उरली नाही की डाव बरोबरीत. हे खेळावर पोट असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. डॉक्टरचा राजा कोपऱ्यापासून दोन घरांवर होता. तिने फक्त तिकडे चालत जायचं होतं.

पण ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे भिंगरीला ठाऊक होतं.

पहिल्या दिवशीच्या डावात शेवटी भिंगरीकडेही कडेचं प्यादं होतं. दोन उंट होते. डॉक्टरने आपलं मोहरं देऊन त्यांतला एक मारायची तयारी दाखवली, तेव्हा भिंगरीने मोठा वळसा घेतला, कोपऱ्याच्या रंगाचा उंट बाजूला काढला, दुसरा देऊन टाकला आणि मग जिंकली. डाव झाल्यावर डॉक्टर उठली नाही. "एक विचारू? कुठलाही उंट गेला असता तरी तुम्ही जिंकतच होता. एवढा वळसा कशाला?"

"होतं एक कारण," भिंगरी म्हणाली होती.

"काय?"

"सांगेन कधीतरी."

डाव संपला की दोघांनी तो पुन्हा मांडून उलगडायचा, ही रीत आहे. भिंगरी ती तिच्या तोडीच्या लोकांशी पाळते. बाकीच्यांना तिचा नियम सरळ आहे: शिकवणी लावा. दवाखान्यातून सुटून संध्याकाळी हौसेने खेळायला येणारी बाई फुकट दाढ काढून देते का? त्या दिवशी तिला हा मुद्दा बिनतोड वाटला होता.

मास्तर विचारात बुडाले होते. चाल त्यांची होती. डॉक्टर उठली आणि भिंतीजवळच्या पाण्याच्या मशीनकडे आली. तिथे इंजिनिअर आधीच उभा होता, हातात कागदी पेला. तोही बराच वेळ तिकडेच बघत होता. भिंगरीही तिथे पोचली. मुद्दाम गेली नाही, पण तिच्या येरझाऱ्यांची वाट तिथूनच जात होती.

"डॉक्टर, अजून इथेच?" इंजिनिअर म्हणाला. "रविवारची संध्याकाळ आहे."

"निघतेच. मुलगी खाली पोहायला आहे, तिचा वर्ग सुटेल आता." तिने पेला भरला. "तसंही काय राहिलंय. एकट्या राजाने कोणाला मारणार?"

इंजिनिअरने पेल्यातल्या पाण्याकडे बघितलं.

"सोडून देते," डॉक्टर म्हणाली आणि भिंगरीकडे वळली. "काय ताई? उगाच कशाला ताणायचं, नाही का?"

पंच दहा पावलांवर होते. ते मऊ तळाचे बूट घालतात आणि कधी मागे येऊन उभे राहतील सांगता येत नाही. पण ते नसते तरी फार फरक पडला नसता. चालू डावात खेळाडूला कोणी काही सांगू नये, ह्या बाबतीत भिंगरीइतकं कडक कोणी नाही. तिने एकदा एका मुलाच्या वडिलांच्या खोकल्याची तक्रार केली होती, आणि ती खरी निघाली होती. आता तिच्या तोंडात दोन शब्द होते, कोपऱ्यात जा. ते नको तर बसून राहा. तेही नको तर घाई नको. जिभेवर घोळवून तिने तिन्ही गिळले.

"चालू डावात मला बोलता येत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या कोणा मुरलेल्या खेळाडूला एवढंही पुरलं असतं. हरलेल्या डावाबद्दल कोणी इतकं जपून बोलत नाही. डॉक्टर ओशाळून हसली. "हो की. सॉरी हं." पाणी पिऊन ती परत गेली.

खाली शिट्टी वाजली, लांब, वर्ग सुटल्याची. मास्तरांनी प्यादं एक घर पुढे ढकललं. डॉक्टरने पटाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, शेजारचं डावाचं घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. मास्तर क्षणभर गोंधळले, मग त्यांनी दोन्ही हातांनी तो हात धरला. आपण जिंकलो ह्याचं त्यांना जरा आश्चर्यच वाटलेलं दिसत होतं.

राजा होता तिथेच राहिला, कोपऱ्यापासून दोन घरांवर.

इंजिनिअर भिंगरीजवळ आला. दोघं वर्षाला निदान चाळीस डाव एकाच छताखाली खेळत होते. "मी तिला काही वाईट सांगितलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"घरी जा असंही म्हटलं नाही. नुसतं रविवार आहे म्हटलं."

"आहेच रविवार. मी पण काही म्हटलं नाही."

"तुला दिसलं होतं ना पण?"

"तुला दिसलं तेव्हाच."

त्याने पेला चुरगळला. टोपली बाजूलाच होती, तरी तो पेला मुठीत घेऊनच गेला.

पंचांनी अर्ध्या तासात तक्ता फळ्यावर लावला. भिंगरीने गर्दी ओसरायची वाट पाहिली नाही, घुसून पाहिला. नववी. तिने वहिनीला एक आकडा पाठवला, नुसता नऊ. उत्तर लगेच आलं: जेवायला थांबतो. मग दुसरं: दादाला मी सांगते.

ती बॅग उचलायला परत सभागृहात आली तेव्हा डॉक्टर खिडकीजवळच्या टेबलाशीच होती.

"तुम्हाला घाई होती ना?" भिंगरीने विचारलं.

"मुलगी केस वाळवतेय. तिचं एकदा सुरू झालं की आवरत नाही." डॉक्टरने पिशवी मांडीवर ठेवली. "ताई, पहिल्या दिवशी तुम्ही सांगेन म्हणाला होतात. तो उंटाचा वळसा. आज स्पर्धा संपली, पुन्हा कधी भेट होणार?"

भिंगरीने बॅग खाली ठेवली. तिने कडेचं प्यादं मांडलं, मास्तरांचा पांढऱ्या घरांवरचा उंट मांडला, दोन राजे मांडले. काळा राजा तिने कोपऱ्यात सरकवला. "आता मला इथून हुसकावून दाखवा."

डॉक्टरने उंट इकडे नेला, तिकडे नेला. राजा कोपऱ्यातून बाहेर यायचा, परत आत जायचा. प्यादं पुढे आलं, अडलं. डॉक्टरने दोनदा प्रयत्न केला आणि मग तिचा हात पटावर थांबला.

"हा तर माझाच डाव आहे."

"हो."

"म्हणजे बरोबरी होती."

"होती."

"आणि तुम्ही तिथे पाण्याजवळ उभ्या होतात."

"चालू डावात बोलता येत नाही."

"ते बरोबर आहे." डॉक्टरने उंट उचलून त्याखालच्या घराचा रंग पाहिला. "पण पहिल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी बोलता आलं असतं."

खाली कोणीतरी तलावाचे दिवे घालवले. खिडकीतून वर येणारा निळसर उजेड गेला. डॉक्टरने उंट खाली ठेवला आणि विचारलं, "तुमचं काय झालं? आठ जण जातात ना?"

"मी नववी."

"अरेरे. फार थोडक्यात."

"अर्ध्या गुणाने."

कोणाच्या अर्ध्या गुणाने, हे डॉक्टरने विचारलं नाही आणि भिंगरीने सांगितलं नाही. दारात एक ओल्या केसांची मुलगी येऊन उभी राहिली होती. डॉक्टरने तिला हाताने थांब अशी खूण केली.

"तुम्ही पैसे घेऊन शिकवता ना? मग ह्याचे किती द्यायचे?"

"ह्याचे झाले देऊन," भिंगरी म्हणाली.

"कोणी दिले?"

भिंगरीने पट फिरवला, काळा राजा डॉक्टरच्या बाजूला दिला आणि त्याला कोपऱ्यापासून दोन घरांवर ठेवलं. "आता तुम्ही वाचवा. मी मारते."

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसली. भिंगरी बसली नाही. उभ्यानेच तिने प्यादं एक घर पुढे ढकललं, आणि टेबलाला अर्धा फेरा घालून परत आली.