कानांत अडकलेला स्वेटर

अंबडचा माझा मेकॅनिक गिऱ्हाइकांपेक्षा गाड्यांशीच जास्त बोलतो. "कुठं दुखतंय गं?" असं तो इंजिनाला विचारतो.

त्याचे एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त सुभेदार, काही वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या आठवणीसाठी तो आणि आम्ही काही गिऱ्हाइकं दर हिवाळ्यात मोटारसायकलींवरून पेठकडच्या आश्रमशाळेत स्वेटर वाटायला जातो. यंदा सुभेदारांच्या पत्नी, आमच्या काकू, पहिल्यांदाच आल्या होत्या.

वाटप सुरू होताच एक चिमुरडी घाबरून रडू लागली. मेकॅनिक तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि तिचा स्वेटर स्वतःच्याच डोक्यात घालू लागला. तो कानांपाशी अडकला.

"बाई, ओढ लवकर, जीव चाललाय माझा!"

पोरगी खुदकन हसली आणि ओढू लागली. काकूही डोळे पुसत हसल्या.

"हे असते ना," त्या म्हणाल्या, "तर दुसऱ्या बाजूनं ओढायला आधी धावले असते."