हरणाबाईंच्या हातचं कासव

पौषातली सकाळ होती. शरयूची वेणी घालता घालता प्रमोदिनीबाईंचा एक डोळा चुलीवरच्या दुधावर होता. तेवढ्यात व्हरांड्यातून गोपाळकृष्णांचा आवाज आला, "एकशे चार!"

प्रमोदिनीबाईंच्या हातातला वेणीचा पेड सुटला. भाद्रपदात शरयूला विषमज्वर झाला होता, तेव्हा सलग नऊ दिवस हाच आकडा त्यांनी ऐकला होता. आता तो आकडा लेकीच्या तापाचा नव्हता, कासवाच्या खोक्याचा होता, हे ध्यानात यायला त्यांना एक क्षण लागला.

व्हरांड्यात, काचेच्या तावदानाखाली, रॉकेलच्या डब्यांचं रिकामं लाकडी खोकं ठेवलेलं होतं. वर तारेला साठ वॅटचा दिवा लोंबत होता. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या बैठ्या घरात वीज येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या गोपाळकृष्णांनी विजेचा पहिला खरा उपयोग कासवासाठी केला होता. थंडीचे दिवस, जीव एवढासा. म्हणून दिवा रात्रंदिवस चालू. खाली वाळू, वर उजेड, बाजूला कॉलेजातून आणलेला उष्णतामापक. रोज सकाळी ते आकडा मोठ्यानं वाचत. पण गेले चार दिवस कासवानं पानाला तोंड लावलं नव्हतं. डोळे मिटून, मान आत घेऊन ते कोपऱ्यात बसून होतं.

"बाबा, शेट मरणार का हो?" शरयूनं विचारलं. ढेरपोट्या सावकारासारखं सावकाश चालतं म्हणून तिनं त्याचं नाव शेट ठेवलं होतं. गोपाळकृष्णांनी चष्मा पुसला आणि आकडा पुन्हा वाचून पाहिला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. कडी न वाजवता उघड्या पंजानं दार थापटण्याची ही रीत एकाच माणसाची.

"वैनी, घोंगडं आनलंय!"

दारात हरणाबाई उभ्या होत्या. उंच, काटक, पन्नाशीच्या आतबाहेरच्या. हिरवं लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, खांद्यावर काळ्या घोंगड्याची घडी. दहिवडीच्या पलीकडचं त्यांचं गाव. तिकडं दिवाळीनंतर मेंढरांना काडी मिळत नाही, म्हणून दरसाल त्यांचा तळ सांगलीच्या बाजूला यायचा. भुईमूग काढलेल्या रानात मेंढरं बसवली की शेताला खत मिळायचं आणि शेतकरी पायलीनं जोंधळा द्यायचा. शेट त्यांनीच आणलेला. माळावरच्या गवतात सापडलेलं, लिंबाएवढं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं ते पिल्लू त्यांनी दिवाळीनंतर शरयूच्या हातावर ठेवलं होतं. आजारातून उठलेली ती पोर तेव्हा जेवतसुद्धा नव्हती. "हे तुज्यासंगं म्हातारं हुईल," त्या म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून शरयू शेटला पान भरवायची आणि स्वतः घास घ्यायची.

हरणाबाईंची नजर खोक्याकडे गेली. त्या पायरी चढून आल्या, वाकल्या, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ह्येला भाजलं कुनी?"

"भाजलं?" गोपाळकृष्ण दुखावले. "अहो, ऊब दिली आहे. मोजून दिली आहे."

"मास्तर, मोजली असंल. पर कुनाला इचारून दिली?"

त्यांनी हाताची पालथी बाजू दिव्याखाली वाळूला टेकवली. डोळे मिटले. दहा श्वास होण्याआधीच हात काढून घेतला. मग खोक्याच्या चारी कोपऱ्यांत हात फिरवला. "सगळीकडं त्येच. पळून जाईल कुटं बापडं? तुमास्नी रातंदिस चुलीम्होरं बशिवलं तर जेवाल का? अन् ह्यो दिवा कवा मावळतो?"

"मावळत नाही," शरयू म्हणाली.

"मग ह्येनं निजायचं कवा?"

हरणाबाईंनी कासव उचललं, पालथं करून बोटानं हलकेच पोटाची ढाल दाबली आणि ओठ मुडपले. टणक हवी ती ढाल मऊ पडून दबत होती.

"वैनी, माजंच चुकलं. द्यायचं त्येवडं दिलं, सांगायचं ऱ्हायलं. पर ध्यानात ठेवा, माज्या हातचं दिलेलं जनावर आजपातुर मेलं न्हाई. ह्येबी मरनार न्हाई."

हे बोलणं प्रमोदिनीबाईंना पोकळ वाटलं नाही, त्यालाही कारण होतं. हरणाबाईंचा तो पालथा हात सगळ्या तळाला ठाऊक होता. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या मेंढरांमागं आल्या, तेव्हा सासूनं, अंबूबाईनं, त्यांना पहिली गोष्ट शिकवली ती हीच: कोकराच्या कुशीला पालथा हात लावायचा, तळहात नाही. तळहात काम करून करून बधिर होतो, पालथा हात खरं सांगतो. एका साली वाटेतच मेंढ्या व्यायल्या आणि विट्याच्या माळावर बर्फासारखी थंडी पडली. बापये शेकोटी पेटवा, कोकरं भोवती बसवा म्हणत होते. तेव्हा वीस वर्षांच्या हरणाबाईंनी शेकोटी लांब, वाऱ्याच्या बाजूला पेटवायला लावली, कोकरांना मोकळं सोडलं आणि म्हणाल्या, जे गारठेल ते जवळ जाईल, जे तापेल ते लांब सरकेल. चौदाच्या चौदा कोकरं जगली. तेव्हापासून तळ कुठं टाकायचा हे बापये ठरवत, पण कोकरं कुठं निजवायची हे हरणाबाईच. त्यांच्यापुढं पाटील बोलला तरी त्या आवाज खाली आणत नसत.

"दुसरं असलंच खोकं हाय का?" त्यांनी विचारलं.

होतं. गोपाळकृष्णांनी करवत आणली. हरणाबाई सांगत गेल्या आणि ते कापत गेले. दोन खोकी टोकाला टोक लावून जोडली, मधली फळी काढली. दिवा एका टोकाला सरकवला आणि हरणाबाईंचा हात दहा श्वास आरामात टिकेल एवढा उंच बांधला. दुसऱ्या टोकाला फुटक्या मडक्याचा अर्धा भाग पालथा घातला.

"हितं उनाळा, तितं सावली. आपुन नुस्तं दोनी ठेवायचं. कवा कुटं जायचं त्ये त्याचं त्येला कळतंय."

गोपाळकृष्णांना राहवलं नाही. त्यांनी उष्णतामापक दिव्याखालच्या वाळूवर ठेवला. पंचाण्णव. मडक्याखाली ठेवला. अठ्ठ्याहत्तर. ते खट्याळ हसले. "हरणाबाई, आता मधे सांगा. हात लावून."

त्यांनी हात लावला. "दिव्याखालच्यापरीस कमी, पर मडक्यापास्नं लांब न्हवं. मडक्याच्याच अंगाला जास्ती."

ब्याऐंशी निघाले. गोपाळकृष्णांनी तो आकडा मोठ्यानं वाचलाच नाही. उष्णतामापक नुसता बायकोपुढं धरला. प्रमोदिनीबाईंना एकदम वाटलं, आपल्याबरोबर कॉलेजात शिकलेल्या सगळ्या मैत्रिणी हे बघायला या क्षणी व्हरांड्यात हव्या होत्या.

वाद झाला तो उन्हावरून. पहाटे दिवा लावायचा, ऊन चढलं की तो विझवायचा आणि पिल्लाला उन्हात न्यायचं, असं हरणाबाई म्हणाल्या.

"पण ऊन इथंच येतंय की तावदानातून," गोपाळकृष्ण म्हणाले. "बाहेर गार वारा आहे, घारी आहेत. काचेमागं ऊबही तेवढीच."

"काचंमागचं ऊन ते ऊन न्हवं."

"का बरं?"

हरणाबाई त्यांच्याकडे नव्हे, प्रमोदिनीबाईंकडे वळल्या. "वैनी, तुमी पापड काचंमागं वाळवता व्हय?"

प्रमोदिनीबाईंना हसू फुटलं. गोपाळकृष्णही हसले, पण पटलं मात्र नाही. "पापडाचं आणि हाडामासाच्या जिवाचं वेगळं असतं," म्हणत ते कॉलेजात गेले. हरणाबाईंनी वाट पाहिली नाही. अंगणात, वारा अडेल अशा भिंतीच्या कडेला, त्यांनी कासव ठेवलं, वर विरळ विणीचं डालगं पालथं घातलं आणि डालग्याच्या अर्ध्या भागावर ओलं फडकं टाकलं. ऊन आलं, सावली राहिली, घारीची भीती गेली. दुपारी कोमट पाण्याच्या ताटलीत त्याला बसवलं. संध्याकाळी त्याला खोक्यात परत ठेवलं, दिवा न लावता खोक्यावर नवं घोंगडं पांघरलं आणि बाहेरून फडक्यात गुंडाळलेली गरम वीट लावली.

"उद्या येते," म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी कासवानं डोळे उघडले, पण खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शरयूनंही रात्रीचं ताट तसंच सारलं.

चौथ्या दिवशी हरणाबाईंच्या मागोमाग त्यांचा नवरा धुळा फाटकाशी येऊन उभा राहिला. मुंडासं, हातात काठी, चेहऱ्यावर तीन दिवसांचा वैताग.

"आवं मास्तर, तुमी तरी सांगा हिला! रान खतावून झालं, मिरजंकडचा शेतकरी वाट बघतोय. मूठभर कासवापायी दोनशे मेंढरं अडल्याती!"

"मग जावा की म्होरं," हरणाबाई डालग्याजवळून उठल्यासुद्धा नाहीत. "कोकरं तुमीच निजवा."

धुळानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तसं न्हाई म्हनत मी."

"मग काय म्हनता?"

"कवा खाईल त्ये, एवडंच इचारतोय."

"त्येला इचारा."

आणि धुळा खरंच डालग्यापाशी उकिडवा बसला. प्रमोदिनीबाईंनी त्याला चहा दिला. तो बशीत ओतता ओतता म्हणाला, "लय हट्टी हाय, वैनी. पर हिचा हट्ट आमाला कवा नुकसानीत आला न्हाई."

त्याच दिवशी गोपाळकृष्ण कॉलेजातून लवकर परतले. सायकल भिंतीला टेकवतानाच बोलू लागले. ग्रंथालयात एक इंग्रजी वैद्यकीय पुस्तक त्यांना सापडलं होतं. मुडदूस होऊन हाडं मऊ पडलेल्या मुलांना उन्हात ठेवतात. पण उन्हातले जे किरण हाडं घट्ट करतात ते साध्या काचेतून पार होत नाहीत. काचेमागं मूल तापतं, बरं होत नाही.

"म्हणजे हरणाबाई," ते म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं."

"आसं व्हय," हरणाबाई म्हणाल्या, पण पदर सारखा करताना त्यांची मान पूर्वीपेक्षा दोन बोटं वर गेलेली प्रमोदिनीबाईंनी पाहिली.

पाचव्या दिवशी सकाळी शेट मडक्याखालून निघाला. दिव्याच्या टोकाला गेला, थोडा वेळ बसला, परत सावलीकडे आला. मग शरयूनं बिचकत धरलेल्या घोळीच्या पानाकडे मान लांबवली आणि चावा घेतला. पानाला अर्धचंद्र पडला. शरयूनं पान तसंच धरून ठेवलं. पान संपल्यावर उठली आणि म्हणाली, "आई, मला भाकरी दे."

प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या त्या डोळे पुसूनच बाहेर आल्या.

तळ त्याच दुपारी हलणार होता. हरणाबाई निरोपाला आल्या तेव्हा प्रमोदिनीबाईंनी इरकली लुगडं पुढं केलं. त्यांनी ते हातानं मागं सारलं.

"दिलेल्या जनावराचं मोल घेत न्हाई मी."

"मग दुसरं काही मागा. असं रिकाम्या हातानं नाही जाऊ देणार."

हरणाबाईंनी एकवार खोक्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या बोलायला थोड्या अडखळल्या.

"पाऊस लागला की आमी गावाकडं आसतो, तवा एक कारड टाका, वैनी. लेकरू खातंय का, त्येवडंच लिवा. दहिवडी पोस्टातनं गावात येतं. वाचून दावाया मानूस हाय. अन् वर माजं नाव घाला. धुळाचं न्हाई, माजं."