गुंगीसाठी सोबत माणूस

तांबी बसवून घेतली त्याला चार वर्षं झाली. दुसरी मुलगी झाल्यावर दीड महिन्यानं तिला लस द्यायला सरकारी दवाखान्यात नेलं होतं, तेव्हाच. घरी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो धाटावला कंपनीत आहे, शिफ्टवरून येतो, जेवतो, झोपतो. काही विचारलं की म्हणतो, आईला विचार. आणि सासूबाईंना नातू हवा होता.

त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत. दर सोमवारी भगताकडून अंगारा आणायच्या आणि मला पाटावर बसवून स्वतःच्या हातानं माझ्या पोटाला लावायच्या. त्यांची बोटं खरखरीत आहेत. ती बेंबीखाली फिरायची तेव्हा मी श्वास धरून बसायचे. आत तार आहे ती यांच्या बोटांना लागेल असं वाटायचं. तसं होत नाही हे मला कळतं, तरी वाटायचं.

यंदा पोटात दुखायला लागलं. अंगावरून जायला लागलं ते थांबेना. रोह्याला आमची ओळखपाळख फार, म्हणून मी पेणच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली. म्हणाल्या, तांबी आडवी झाली आहे, दोरा वर गेला आहे, काढायला हवी. घरी मी सांगितलं, गाठ आहे, बारीकशी.

"गाठ?" सासूबाई म्हणाल्या. "कुठं?"

"आत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "काढून घे मग. मोकळी होशील."

पुन्हा पेणला गेले तेव्हा मॅडमनी मला नीट समजावून सांगितलं. एक, आधी दुखण्याची गोळी घ्यायची आणि पिशवीच्या तोंडाशी इंजेक्शन द्यायचं. त्यात माणूस जागं असतं, थोडं दुखतं. दुसरं, शिरेतून औषध देऊन गुंगी आणायची. मग फारसं कळत नाही. तिसरी पूर्ण भूल. "तुमचा दोरा वर आहे, आत चिमटा घालून शोधावं लागेल," त्या म्हणाल्या. "मी म्हणेन गुंगी घ्या. फक्त सोबत घरचं माणूस पाहिजे. सही लागेल, आणि त्या दिवशी एकटीनं घरी जायचं नाही."

मी बाहेर बाकावर येऊन बसले. शेजारी एक मुसलमान बाई होती, कासूकडची, जावेला घेऊन आलेली. जाऊ आत होती. ती बाई सगळ्यांशी बोलत होती.

"गुंगीच घे गो," ती मला म्हणाली. "मागं मी घेतली व्हती. काय म्हायत नाय पडत. पण मी बडबडले. डॉक्टरला आमच्या बांधाचं भांडण सगळं सांगितलं म्हनं. कोनी कुठं दगड सरकवला ते पन! आमचे हे दाराशी उभे, त्यांना घाम फुटला."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण गुंगीत मी काय बडबडेन ते मनात आलं.

तेवढ्यात दार उघडून सिस्टर आली. तिच्या हातात स्टीलचं भांडं होतं. "पेशंटबरोबर कोण आहे? हे बघून घ्या, हे काढलं." त्या बाईनं वाकून भांड्यात बघितलं, तोंडाला पदर लावला आणि मान हलवली.

माझ्याबरोबर सासूबाई आल्या असत्या तर त्यांच्यापुढे असंच भांडं धरलं असतं. गाठ नसती त्यात. मी आत जाऊन मॅडमना सांगितलं, जागेपणीच करा. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं.

ठरल्या दिवशी एकटीच गेले. टेबलावर पाय वर बांधल्यावर छतावरच्या ट्यूबलाइटशिवाय काही दिसत नव्हतं. हत्यारं ठेवल्याचा आवाज येत होता. मॅडम म्हणाल्या, "दुखलं की हात वर करा. मी थांबेन. आणखी औषध देता येतं."

इंजेक्शन दिलं तेव्हा चिमटा बसल्यासारखं झालं. मग कमी झालं. मग त्या आत शोधायला लागल्या आणि पोटातून कंबरेपर्यंत कोणी पिळून काढतंय असं झालं. मी हात टेबलाच्या कडेला धरून ठेवला. वर करायचा होता. नाही केला.

दोन्ही बाळंतपणांत मी ओरडले नव्हते. शेजारच्या खाटेवरची ओरडली तर आया तिला काय काय बोलली होती. आणि सासूबाई सगळीकडे सांगायच्या, माझ्या सुनेनं आवाज काढला नाय. मला त्याचं बरं वाटायचं. दुखतंय असं म्हणायचं कसं, हे मला खरंच येत नव्हतं.

"ठीक आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"व्हय."

त्यांना वाटलं औषध लागू पडलंय. त्या पुढं गेल्या. ट्यूबलाइट बारीक होत गेली, कानात शिट्टी वाजली, मग काही कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा सिस्टरनं माझे पाय उशीवर ठेवले होते. मॅडमचा चेहरा उतरला होता. "बोलला का नाही तुम्ही? दुखतंय हे मला तुम्हीच सांगायचं असतं." जरा वेळानं म्हणाल्या, "निघाली नाही. रुतली आहे. आता पूर्ण भूल देऊनच. गुरुवारी या. सोबत माणूस आणा. जास्त दिवस ठेवून चालणार नाही."

दोन-तीन तास झोपवून ठेवलं, मग सोडलं. संध्याकाळी घरी आले. सासूबाई सुकट निवडत होत्या. मुली शेजारी गेल्या होत्या.

"काढली?"

"नाय. परत जायचं हाय. झोपवून करनार. माणूस पाहिजे." मी उभीच होते. "आणि ती गाठ नाय."

मी सगळं सांगितलं. त्यांचे हात सुपात तसेच थांबले.

"चार वर्सं," त्या म्हणाल्या. मग, "त्याला म्हायती हाय?"

"नाय."

"सांगू नको. मी येते. सही मी करीन." सूप उचलून त्या उठल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आनि डॉक्टरीनीशी काय बोलायचं ते मी बोलेन. तू झोप."

त्या बोलल्या ते एवढंच. माझ्याशी त्या चांगल्या वागतायत. मला पेज करून देतात, पाणी भरू देत नाहीत. काल भगताकडे जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. मला रागाची भीती वाटली असती त्यापेक्षा या पेजेची जास्त वाटते.

भूल दिल्यावर मी आत पडलेली असेन. बाहेर त्या असतील. तांबी निघाली की पुढं काय, दुसरी बसवायची की नाही, ते मॅडम कोणाला विचारतील? सही केलेल्या माणसालाच विचारणार.

आज दुपारी मी दवाखान्यात फोन लावला. असा फोन मी कधी केला नव्हता. सिस्टरनं उचलला.

"जुनी काढली की लगेच नवी बसवायची," मी म्हणाले. "बसवता येत नसंल तर दुसरं काय ते मला इचारा. भूल द्यायच्या आधी. झोपल्यावर कोनी काय सांगितलं तरी ऐकू नका."

"ऐकू येत नाही ताई, मोठ्यानं बोला."

मागच्या दारी सासूबाई भांडी घासत होत्या. मी मोठ्यानं बोलले. सगळं पहिल्यापासून.

मागच्या दारचा भांड्यांचा आवाज थांबला. मी फोन कानालाच धरून ठेवला, सिस्टर लिहून घेईपर्यंत.